बालराजाचं नाणं आणि माझी दुदांडी

दोह्याहून परत आल्यापासून आमच्या नाणेसंग्राहक मंडळींनी मला भंडावून सोडलंय. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही आठ-दहा जण नाशकात कुणाच्या तरी घरी जमतो, नाणी दाखवतो, एकमेकांची उणीदुणी काढतो आणि पोहे खाऊन उठतो. मी निवृत्त इतिहासशिक्षक, त्यामुळे लिहिण्याचं काम आलं की सगळे माझ्याकडे बघतात. "सर, फुटबॉलच्या वर्ल्डकपच्या तोंडावर जाऊन आलात. काय काय पाहिलंत ते लिहा आणि वाचून दाखवा." तीन महिने मी टोलवाटोलवी केली. स्टेडियम पाहिलं का? पाहिलं, गाडीतून, उजव्या बाजूला. त्यावर दोन ओळींच्या वर काही लिहिता येणार नाही. लिहिण्यासारखं आहे ते बटणाएवढ्या एका नाण्याबद्दल, आणि ते लिहायची मला लाज वाटते. म्हणून इतके दिवस लागले.

बिन महमूद

माझी लेक केतकी आणि जावई दोह्यात बिन महमूद भागात राहतात. जावई गॅसच्या कंपनीत. तो मला नाश्त्याला दिसायचा आणि मग दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याला. सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली केरळी माणसाचं चहाचं दुकान, शेजारी पाकिस्तानी न्हावी, पलीकडे फिलिपिनो बेकरी. माझी सकाळ त्या चहाच्या दुकानात जायची. तिथल्या चहाला करक म्हणतात. आपल्याकडच्या दोन चहांएवढी साखर त्यात असते, आणि लोक गाडीतून न उतरता नुसता हॉर्न वाजवून तो मागवतात. आपल्याकडे कुणी असा हॉर्न वाजवला तर चहावाला त्याला चहा सोडून सगळं देईल.

ऑक्टोबर होता. उन्हाचा कडाका नुकताच उतरला होता आणि शहर लग्नघरासारखं झालं होतं. वीस-वीस मजली इमारतींवर खेळाडूंची चित्रं चढवलेली. एकेकाचं नाक दोन मजल्यांचं. आज जो रस्ता डावीकडे जायचा तो उद्या उजवीकडे जायचा. चहावाला मला रोज सांगायचा, "नवंबर से पहले सब खलास होना मंगता, अंकल." खलास म्हणजे पूर्ण. आपल्याकडे खलास होतो तो माणूस.

मेट्रोत एकदा माझी फजितीही झाली. मोकळा डबा दिसला म्हणून ऐटीत जाऊन बसलो. तो कुटुंबवाल्यांचा निघाला. एक तरुण कर्मचारी जवळ येऊन अत्यंत अदबीने म्हणाला, "सर, युवर फॅमिली?" मी म्हटलं, "नाशिक." त्याने मला हाताला धरून पुढच्या डब्यात पोचवलं. घरी हे सांगितलं तेव्हा केतकी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्या प्रवासातली निर्मळ आठवण एवढीच.

अल अझीझिया

केतकीने मला न विचारता तिथल्या मराठी मंडळींना माझं भाषण कबूल केलं होतं. विषय शिवकालीन नाणी. जागा अल अझीझियातला एका सदस्याचा व्हिला, वेळ शुक्रवारी दुपारी चार, कारण तिथे सुट्टी शुक्रवारची. चित्रं मी लॅपटॉपवर नेली होती. शंभर वर्षांवरची नाणी परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाहीत, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मलाही होतं. तरी पाकिटाच्या आतल्या कप्प्यात एक शिवराई होती, नेहमी असते तशी, शकुनाची म्हणून. खोटेपणाची सुरुवात तिथूनच झाली म्हणायची.

ही शिवराई दुदांडी. तुम्हाला सांगायला नको, पण हे बाहेरच्या कुणाच्या हाती गेलं तर त्याच्यासाठी सांगतो. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असं लिहिलेली तांब्याची शिवराई महाराजांनी पाडली खरी, पण त्यांच्या माघारी दीडशे वर्षं ती पाडली जात राहिली. दोन आडव्या दांड्यांची दुदांडी ही उत्तर पेशवाईतली. महाराजांचा तिला हातच काय, वाराही लागलेला नाही. सराफ बाजारात आपण ती मूठमूठ घेतो.

भाषण छान झालं. टाळ्या झाल्या, बटाटेवडे झाले, मुलांनी इंग्रजीत प्रश्न विचारले. माणसं पांगली तेव्हा दाराजवळ उभा असलेला एक चाळिशीचा माणूस पुढे आला. इस्त्रीचा शर्ट, हातांवर कोपरापर्यंत ठिणग्यांचे डाग. नाव महादेव, गाव करमाळ्याजवळचं, काम वेल्डिंगचं. राहायला बिरकत अल अवामेरला, म्हणजे शहराच्या पार दक्षिणेला कामगारांच्या वसाहतीत. महाराजांच्या नाण्यांवर कुणी नाशिकचे सर बोलणार आहेत असं त्याला कळलं, म्हणून सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून आला होता.

"सर, एक दाखवायचं हुतं. हसू नका पर," असं म्हणून त्याने खिशातून रुमाल काढला. रुमालात कागद, कागदात नाणं.

त्यांच्या साइटवर हावियेर नावाचे एक स्पॅनिश इंजिनियर होते. वर्षापूर्वी ते उंचावर एका न बांधलेल्या फळीवर पाय टाकणार, एवढ्यात महादेवने त्यांचा पट्टा धरून मागे ओढलं. दोघेही पाठीवर पडले. साहेबांनी खिशात हात घातला आणि हे नाणं याच्या हातात ठेवलं. त्यांच्या आजोबांना शेतात नांगरताना सापडलेलं, म्हणून ते कायम जवळ बाळगायचे.

"साहेब म्हनले, राजाचं नाणं हाय. आमच्या रूममधी कुनाला पटत न्हाई. तुमी बगा."

मी भिंग लावलं. एका बाजूला किल्ला, दुसऱ्या बाजूला सिंह, म्हणजे स्पेनमधलं कास्टीलचं राज्य. चांदी नावापुरती, बाकी तांबं. कडेच्या अक्षरांत अल्फोन्सो हे नाव. त्या नावाचे राजे तिकडे ढिगाने झाले, पण अक्षरांचं वळण आणि किल्ल्याखालचं टांकसाळीचं अक्षर पाहिलं आणि भिंग पुसून पुन्हा लावलं. हे त्या बालराजाचं नाणं होतं. पंधराव्या शतकात तिथल्या सरदारांनी आपल्या राजाविरुद्ध बंड केलं. राजाचा बाहुला करून चौथऱ्यावर बसवला, त्याचा मुकुट काढला, त्याला खाली लोटला आणि त्या जागी राजाच्या अकरा वर्षांच्या सावत्र भावाला बसवलं. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या आपण पाहिल्या. तिथे तर दोन राजे एकाच राज्याच्या टांकसाळींतून आपापल्या नावाची नाणी पाडत होते. तीन वर्षांत तो मुलगा वारला. त्याची नाणी फार थोडी उरली. मी ती पुस्तकातच पाहिली होती.

आता आपली सवय सांगतो. तुमच्यातले जे शनिवारी माझ्याबरोबर सराफ बाजारात हिंडले आहेत त्यांना ती ठाऊक आहे. दुर्मीळ नाणं दिसलं की आपण आधी तोंड बंद करतो आणि मग चेहरा पुसतो. ढिगातली दुसरीच चार नाणी उचलून बघतो, जांभई देतो, आणि निघता निघता "बरं, हेही टाका त्यात" म्हणतो. मला हे शिकायला दहा वर्षं लागली आणि मी त्यात तरबेज आहे. पण ती सवय आपण व्यापाऱ्यापुढे वापरतो. तोही आपल्यापुढे वापरतो.

त्या दिवशी माझा चेहरा आपोआप पुसला गेला. मी जांभईसुद्धा दिली.

"टोकन दिसतंय कसलंतरी," मी म्हणालो.

"खोटं हाय का?"

"तिकडे पर्यटकांना विकायला असली जुनी दिसणारी बनवतात."

"पर त्यांच्या आज्याला शेतात..."

"सांगतात तसं," मी म्हणालो.

 महादेव हातातल्या रुमालाची घडी करत राहिला. मला त्याचा चेहरा दिसत होता आणि त्यावर काय चाललंय तेही दिसत होतं. तरी मी पुढचं बोललो. "फेकू नका. माझ्याकडे नमुना म्हणून राहील, मुलांना दाखवायला. त्याच्या बदल्यात हे घ्या." आणि पाकिटातून दुदांडी काढली.

ती पाहिल्यावर त्याने आधी चपला काढल्या. मग दोन्ही हात पुढे केले आणि नाणं कपाळाला लावलं.

"म्हाराजांच्या येळची?"

"त्या काळातलीच समजा."

तीस वर्षं मी मुलांना इतिहास शिकवला. 'समजा' हा शब्द मी एकदाही वर्गात वापरलेला नाही.

पुन्हा बिन महमूद

पुढचे दिवस मी हवेत होतो. केतकी ऑफिसला गेली की नाणं काढायचं आणि खिडकीच्या उजेडात धरायचं. ते तळहातावर इतकं हलकं लागायचं की दोनदा मी ते आहे ना, म्हणून मूठ उघडून पाहिली. मनातल्या मनात ते तुम्हा मंडळींना दाखवूनही झालं. कोण काय म्हणेल, कोण जळेल, सगळं ठरलं होतं.

धनत्रयोदशीला केतकीने पूजा मांडली. ताटात लाडूची वाटी, धने-गूळ, तिच्या लग्नातलं चांदीचं नाणं. "बाबा, तुमच्याकडे काही असेल तर ठेवा," असं ती म्हणाली आणि मी फुशारकीने ते ठेवलं. वर गोष्टही सांगितली, बाहुला, मुकुट, अकरा वर्षांचा राजा. ती सगळं ऐकत निरांजनात वात घालत होती.

"कुणाचं आहे?" तिने विचारलं.

"माझंच. भाषणाला तो वेल्डर आला होता ना, महादेव, त्याच्याशी बदली केली."

"ही गोष्ट त्यांना सांगितलीत?"

मी निरांजनाकडे बघत राहिलो. केतकी माझी मुलगी आहे. लहानपणी माझ्या सायकलच्या दांडीवर बसून ती सराफ बाजारात यायची. माझा तो पुसलेला चेहरा तिने माझ्याहून जास्त वेळा समोरून पाहिलाय.

तिने आवाज चढवला नाही. ताटातून नाणं उचललं, कागदाच्या कपट्यावर ठेवून माझ्यासमोर सरकवलं आणि म्हणाली, "हे पूजेत नको, बाबा." मग वात पेटवली आणि मला आरतीला बोलावलं. 

प्रसाद देताना ती एवढंच म्हणाली, "कामं संपली म्हणून वर्ल्डकपच्या आधी बऱ्याच कंपन्या माणसांना घरी पाठवतायत. जायचं तर लगेच जा."

बिरकत अल अवामेर

महादेवला फोन केला तर त्याला केवढा आनंद. "या की सर. दिवाळीचं या." लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी जावयाने गाडी दिली, ड्रायव्हर दिला. शहर संपलं, वकरा नावाचं गाव मागे पडलं, आणि दोन्ही बाजूंना भुरकट सपाट माती सुरू झाली. झाड नाही, चढ नाही, डोळा कुठे टेकवायची सोय नाही. मग एकदम एकसारख्या इमारती, रांगेने, आणि प्रत्येक गॅलरीत वाळत घातलेले निळे आणि नारिंगी डगले.

महादेव फाटकापाशी उभा होता. खोलीत सहा पलंग, तिघे सोलापूरकडचे, दोघे तेलुगू, एक नेपाळी. कुणीतरी सामायिक स्वयंपाकघरातून चिवडा भाजून आणला होता आणि खमंग वासाने खोली भरली होती. कोपऱ्यात पत्र्याच्या ट्रंकेवर नवा टॉवेल, त्यावर महाराजांची तसबीर, आणि तसबिरीपुढे विड्याच्या पानावर माझी दुदांडी. हळद-कुंकू वाहिलेलं. कागदी झेंडूची माळ.

"ज्यांनी दिलं ते हे सर," महादेव म्हणाला.

दारातून माणसं येत होती. पलीकडच्या इमारतीतले बीडचे, साताऱ्याचे, पायांतल्या चपला बाहेर काढून. ट्रंकेपुढे वाकायची, डोळे मिटायची, आणि मग वळून माझ्या पाया पडायची. "नको, नको," मी म्हणत होतो आणि त्यांना तो विनय वाटत होता. पन्नाशीच्या एका माणसाचे डोळे भरून आले होते. मेल्याहून मेल्यासारखं होणं हे मी आजवर नुसतं लिहीत आलो होतो.

मी महादेवला बाहेर गॅलरीत नेलं. नाणं त्याच्या हातावर ठेवलं आणि सांगून टाकलं. खरं आहे. दुर्मीळ आहे. राजाचंच आहे. मला हवं होतं म्हणून खोटं बोललो.

त्याने नाणं उलटसुलट करून पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"म्हंजी साहेब खरं बोलत हुते," तो म्हणाला.

"हो."

"साहेब मागल्या हप्त्यात गेले, सर. कायमचे. जायच्या दिवशी साइटवर आलते. खालनं मला हाक मारली. मी वरनंच हात केला, काम हाय म्हून. उतरलो न्हाई." त्याने कठड्याला टेकून हात पुसला, कोरडाच होता तरी. "मला वाटलं, अडानी बगून चेष्टा केली त्यांनी माजी. पाच मिन्टं खाली उभे हुते. मग गेले."

 मी नाण्याचा विचार केला होता. त्याच्या किमतीचा, त्याच्या दुर्मीळपणाचा. नाण्याबरोबर आणखी काय घेतोय याचा एकदाही केला नाही.

"तुमी फोन लावा त्यांना," महादेव म्हणाला. "तुमाला इंग्रजी येतं. माजं चार शब्दांचं, त्यात ह्ये बसायचं न्हाई."

त्यानेच फोन लावला, व्हिडिओचा, आणि माझ्या तोंडासमोर धरला. पिकल्या दाढीचा, चष्मा लावलेला एक माणूस, मागे स्वयंपाकघर. मी कोण ते सांगितलं. मग माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत सांगितलं की या माणसाला मी तुमच्याबद्दल खोटं सांगितलं. त्यांना आधी कळेना, ते हसले. पुन्हा सांगावं लागलं, आणखी सोपं करून. दुसऱ्यांदा सांगताना त्यातलं एकही पांघरूण उरलं नाही. ते हसायचे थांबले.

मग म्हणाले, "त्याला सांगा, माझंच काहीतरी चुकलं असं मला वाटलं होतं. विमानात सगळा वेळ आठवत होतो, काय चुकलं ते."

मी ते मराठीत सांगितलं. महादेवने मान वळवली, नाक ओढलं.

"त्यांना सांगा, मी उतरायला पायजे हुतं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. असे आम्ही दहा मिनिटं उभे होतो. दोघांमध्ये मीच पाडलेलं खिंडार, आणि दुभाषीही मीच.

शेवटी साहेबांनी विचारलं, हे गृहस्थ तुझे कोण? मी ते महादेवला विचारलं. खोलीतले चार जण तोवर दारात येऊन उभे होते. महादेवने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"सांगा, आमचे सर हायत. चुकले, पर सोता होऊन आले. आनि म्हाराजांचं नाणं दिलंय त्यांनी आमाला."

आणि मी ते इंग्रजीत सांगितलं. शब्द न शब्द.

निघताना त्याने ट्रंकेवरची दुदांडी पानासकट माझ्यापुढे धरली. "बदली मोडली म्हंजी ही तुमची." व्यवहाराला तो माझ्यापेक्षा चोख होता. दारात माणसं उभी होती. पान ओलं होतं, कुंकू नाण्याच्या अक्षरांत भरलं होतं. त्या क्षणी बोलायचं होतं, एकच वाक्य होतं: ही महाराजांच्या वेळची नाही. मी म्हणालो, "राहू द्या तुमच्याकडे." सगळ्यांना ते मोठं मन वाटलं. एकाने तर पुन्हा पाय धरले.

नाशिक

महादेवला नोव्हेंबरात घरी पाठवलं. स्टेडियमच्या ज्या छपराला त्याने जोड दिले त्याखालचे सामने त्याने गावात, दुसऱ्याच्या टीव्हीवर पाहिले. मागल्या आठवड्यात त्याचा फोन आला. साहेबांशी दर रविवारी बोलणं होतं. बालराजाचं नाणं त्याच्याजवळच आहे. आणि शिवराई गावाने देवळात ठेवली आहे. येत्या शिवजयंतीला ती पालखीतून काढणार. "पाहुणे म्हून तुमचं नाव छापलंय, सर. दोन शब्द बोला. काय हाय कसं हाय, नाण्याची माहिती सांगा."

मी हो म्हणालो. म्हणून हे लिहिलं. तुमच्यापुढे आधी वाचतोय, म्हणजे तिथे वाचताना निदान आवाज कापणार नाही. केतकीला फोनवर वाचून दाखवलं, ती म्हणाली, "एवढंच वाचा, बाबा. वर काही नेऊ नका." माझ्या मनातलं तिने ओळखलं होतं. कपाटात माझ्याकडे महाराजांच्या काळातली एक शिवराई आहे, एकुलती एक, ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. काल रात्री ती डबीत घालून पिशवीत ठेवली होती. सकाळी परत काढली. ती पुढे केली की माणसं पुन्हा माझ्या पाया पडतील, आणि माझं सांगायचं राहून जाईल.

नगरमार्गे करमाळ्याच्या एसटीचं तिकीट काढलंय. पिशवीत हे कागद आहेत, दुसरं काही नाही.